पेपरला कुलूप लागलं, तर पारावर वाचायचं काय?

जिल्ह्याजिल्ह्यांची वृत्तपत्रे आता मोबाईलवर आली आहेत. त्यांची संकेतस्थळे नव्याने सजली आणि पाठोपाठ 'आधी वर्गणी भरा, मग वाचा' अशी पाटीही लागू लागली. गावोगावच्या वाचकांत त्यावर उलटसुलट बोलले जाते. वरवर पाहता हा प्रश्न महिन्याकाठच्या थोड्याशा पैशांचा वाटतो. पण जमिनीच्या नोटिसा ज्या पेपरात छापून येतात, त्या पेपरलाच कुलूप लागले तर ती गावाच्या दृष्टीने साधी गोष्ट राहत नाही.

सकाळची पहिली एस.टी. फाट्यावर थांबली की कंडक्टर दारातूनच पेपरचा गठ्ठा खाली द्यायचा. एजंट सुतळी तोडून अंक मोजून घ्यायचा. एक अंक सलूनमध्ये, एक हॉटेलात, एक सोसायटीत, एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत. घरपोच अंक घेणारे गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरीही दुपारपर्यंत गावभर पेपर वाचून झालेला असायचा. बाजारभावाचे पान एकाच्या हातात, नोटिसांचे दुसऱ्याच्या, कुस्त्यांचे तिसऱ्याच्या. ज्याला अक्षरओळख नाही, त्याला शेजारचा मोठ्याने वाचून दाखवायचा. एक अंक आणि दहा वाचक, असा हा हिशेब होता. त्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि मोबाईलवरचे इंटरनेट एकदम स्वस्त झाले. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. एप्रिल २०२० मध्ये काही दिवस तर राज्यात घरोघरी पेपर टाकण्यालाच बंदी होती. त्या काळात गावातल्या पुष्कळ लोकांना पेपर मोबाईलवर वाचायची सवय लागली. सकाळी सात वाजता व्हॉट्सॲपच्या गटावर पेपरची पीडीएफ येऊन पडायची. मे २०२० च्या सुमारास वृत्तपत्रांच्या संघटनेने, अशी पीडीएफ फिरवणे बेकायदा आहे, असे बजावले. पण गावात ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. एजंटाचे अंक कमी झाले ते झालेच.

आता वृत्तपत्रे म्हणतात, फुकट फार झाले. अनेकांनी ई-पेपरला नाव, मोबाईल नंबर आणि वर्गणी मागायला सुरुवात केली आहे. इंग्रजीत याला 'पेवॉल' म्हणतात, म्हणजे पैशाची भिंत. आपण त्याला कुलूपच म्हणू.

वाचक काय म्हणतात?

हॉटेलाच्या बाकड्यावर हा विषय निघाला की पहिला सवाल ठरलेला असतो. 'बातमी आमच्या गावची, फोटो आमच्या पोरांचे, अन् बघायला पैसे आम्हीच भरायचे होय?' दुसरा म्हणतो, 'मोबाईलला रिचार्ज मारतो की आम्ही. अजून कशाचे पैसे?'

हा दुसरा मुद्दा बऱ्याच जणांना बरोबर वाटतो, पण तो तसा नाही. रिचार्जचे पैसे मोबाईल कंपनीला जातात. त्यातला एक पैसाही पेपर काढणाऱ्याला मिळत नाही. एस.टी.चे तिकीट काढून बाजाराला गेलो म्हणून भाजीवाला भाजी फुकट देत नाही, तसेच हे. रिचार्ज म्हणजे नुसते गाडीभाडे.

तिसरी तक्रार संकेतस्थळाच्या बदललेल्या रूपाची असते आणि ती वयस्कर वाचकांची जास्त. पूर्वी पान जसेच्या तसे दिसायचे. पहिल्या पानावर काय, तालुक्याचे पान कुठे, निधनवार्ता कोणत्या कोपऱ्यात, हे पाठ झालेले. आता बोट लावले की पान पळते, मधेच जाहिरात उभी राहते, ती बंद करायला गेले तर भलतेच काहीतरी उघडते. आपल्या तालुक्याची बातमी शोधता शोधता माणूस सिनेमाच्या बातमीवर जाऊन पडतो. 'पैसे घ्या, पण आमचं पान आम्हाला सापडू द्या,' ही मागणी काही अवाजवी नाही.

चौथी गोष्ट जुन्या बातम्यांची. संकेतस्थळ नवे झाले की जुने दुवे पुष्कळदा उघडत नाहीत. पोराला मिळालेल्या बक्षिसाची बातमी, वडिलांच्या निधनाची बातमी, गावच्या बंधाऱ्याची बातमी लोकांनी मोबाईलवर जपून ठेवलेली असते. एक दिवस त्यावर बोट लावावे तर 'पान सापडत नाही' असा निरोप येतो. कागदाचे कात्रण फाइलला लावले की वीस वर्षे राहते. नोटिशीचे, नावातील बदलाच्या जाहिरातीचे किंवा हरवलेल्या कागदपत्रांच्या निवेदनाचे काम असेल, तर छापील अंकाचे पान जपून ठेवावे, मोबाईलच्या भरवशावर राहू नये, एवढी खूणगाठ प्रत्येकाने बांधावी.

पाचवा मुद्दा पैसे भरण्याच्या पद्धतीचा. गावात पेपरचे बिल महिन्याला दिले जात असले तरी एजंटाला सगळे ठाऊक असते. उसाचे बिल जमा झाले, कांदा निघाला, सोयाबीन विकले की थकलेले तीन-चार महिने एकदम मिळतात. मोबाईलवर उधारी नाही. वर्षाचे पैसे आगाऊ भरायचे, नाहीतर दर महिन्याला खात्यातून आपोआप कापू द्यायचे. खात्यातून परस्पर पैसे जाण्याची धास्ती शेतकऱ्याला असते आणि ती उगाच नसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी कपात करण्याआधी निदान २४ तास अगोदर ग्राहकाला सूचना द्यावी लागते आणि दिलेली परवानगी केव्हाही रद्द करता येते. ज्यांनी वर्गणी लावली आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पेपरवाल्यांची बाजू

नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पेपर कधीच फुकट नव्हता. अंकाची जी किंमत आपण देत होतो, त्यात कागदाचा खर्चही धडपणे निघत नव्हता. कागद, शाई, छपाई, गाडी आणि एजंटाचे कमिशन हा सगळा तोटा जाहिराती भरून काढत होत्या. आता जाहिरातीचा मोठा वाटा मोबाईलवरच्या परदेशी कंपन्यांकडे वळला. बातमी पेपरची, वाचक पेपरचा आणि जाहिरातीचा पैसा मात्र तिसऱ्याच्याच खिशात, अशी गत झाली.

तालुक्याच्या वार्ताहराचे तर विचारूच नका. मोटारसायकलमध्ये पदरचे पेट्रोल घालून तो गारपिटीच्या शिवारात जातो, फोटो काढतो, बातमी धाडतो. मानधन तुटपुंजे, तेही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. बऱ्याच जणांना जाहिरातीच्या कमिशनवर घर चालवावे लागते. मग ज्याच्या वाढदिवसाची जाहिरात घ्यायची, त्याच्याच पाणीयोजनेतला घोटाळा लिहायचा कसा?

पैसे कोण देतो, त्यावर बातमी कोणाच्या बाजूने झुकते हे ठरते. महाराष्ट्राने ते डोळ्यांनी पाहिले आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारांकडून पैसे घेऊन बातमीच्या रूपात मजकूर छापल्याचे प्रकरण गाजले. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी ते लावून धरले, प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमून त्याची चौकशी केली आणि 'पेड न्यूज' हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला. वाचकाने पैसे दिले नाहीत तर ते दुसरा कोणीतरी देतो. मग पेपर त्याचा होतो.

वर्गणीची ही ओढाताण मराठी पत्रकारितेत नवी नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी 'दीनबंधू' काढला, पण पैशांच्या अडचणीने तो त्यांच्या हातून सुटला. पुढे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो चालवला. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये 'दीनमित्र' सुरू केला आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या आडगावातून तो साप्ताहिक म्हणून अनेक दशके चालवला. आडगावात छापखाना चालवून पेपर काढणे किती जिकिरीचे असेल, याची कल्पना आपण करू शकतो. गावाचा पेपर जगतो तो गावाने जगवला तरच, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे.

तेव्हा 'पैसे मागतातच कसे?' हा सवाल काही खरा नव्हे. पैसे मागावेत. पण कशाचे मागावेत आणि कशाला कुलूप लावू नये, हा खरा सवाल आहे.

नोटीस वाचतो तो शेजारी

पेपरात सर्वांत कंटाळवाणे पान कोणते, असे विचारले तर शहरातला माणूस सांगेल, नोटिसांचे. बारीक टाइप, गट नंबर, चतुःसीमा, 'तमाम जनतेस कळविण्यात येते की'. गावात मात्र हेच पान सर्वांत बारकाईने वाचले जाते, कारण त्यात आपली जमीन असते.

समजा, चार भावांची सामाईक जमीन आहे. एक भाऊ पुण्यात राहतो आणि आपला हिस्सा परस्पर विकायला काढतो. घेणाऱ्याचा वकील जिल्ह्याच्या पेपरात जाहीर नोटीस देतो. अमुक गट नंबर, अमुक क्षेत्र, कोणाची हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवावी, अन्यथा हरकत नाही असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल. ही मुदत बहुधा सात ते पंधरा दिवसांची असते. गावातल्या भावांनी त्या दिवशी पेपर पाहिलेलाच नसतो. एक नांगरटीला गेलेला, दुसरा दवाखान्यात. पण सलूनमध्ये दाढीला बसलेला बांधावरचा शेजारी नोटीस वाचतो, गट नंबर ओळखतो आणि फोन लावतो, 'अरे, तुमच्या रानाची नोटीस आलीय पेपरात. बघितली का?' नोटीस अशी पोहोचते. ज्याच्यासाठी ती असते तो क्वचितच वाचतो, बहुधा वाचतो तो शेजारी.

आता पेपरला कुलूप लावा. ज्याने वर्गणी भरली आहे, तो त्याला हवे तेवढेच वाचणार. सलूनमध्ये बसलेला माणूस स्वतःच्या मोबाईलवर दुसरेच काही पाहत असणार. दहातला एक वर्गणीदार उरतो आणि शेजाऱ्याचे नऊ जोड डोळे जातात. नोटीस मात्र कागदोपत्री 'प्रसिद्ध झाली' असेच धरले जाते. हरकतीची मुदत निघून गेली की मग तहसील आणि कोर्टाचे हेलपाटे.

कायद्यात पेपरचे स्थान

ही केवळ भीती नव्हे. पेपरात छापलेल्या मजकुराला अनेक कायद्यांनी वजन दिले आहे.

भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात कलम ११ प्रमाणे प्राथमिक अधिसूचना त्या भागात खप असलेल्या दोन दैनिकांत प्रसिद्ध करावी लागते आणि त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतले असावे लागते. कलम १५ प्रमाणे हरकतीसाठी ६० दिवस मिळतात.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेताना १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा लागतो. त्यातही अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत, एक स्थानिक भाषेतील, छापावा लागतो. पण हरकतीची मुदत फक्त २१ दिवसांची आणि ती मोजायची राजपत्रात अधिसूचना निघाल्याच्या तारखेपासून. म्हणजे पेपरात मजकूर येईपर्यंत काही दिवस आधीच गेलेले असू शकतात. पेपर हाती पडायला आणखी उशीर झाला, तर शेतकऱ्याच्या हाती काय राहणार? नुकसानभरपाई ठरवण्याआधी हक्क सांगण्यासाठी जी जाहीर नोटीस निघते, तीही अशीच दोन स्थानिक पेपरांत येते.

कोर्टाचे समन्स नेहमीच्या मार्गाने बजावता आले नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे कोर्ट ते वृत्तपत्रात छापण्याचा हुकूम करू शकते. असा पेपर कोणता असावा, तर त्या माणसाच्या राहत्या किंवा धंद्याच्या भागात खप असलेले दैनिक. छापून आले की समन्स बजावले गेले असे धरतात. 'मी पेपर वाचत नाही' एवढे सांगून भागत नाही.

बँकांच्या कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण तारण दिलेले घर, दुकान किंवा बिगरशेती प्लॉट त्यातून सुटत नाही. ताबा घेतल्याची नोटीस दोन प्रमुख वृत्तपत्रांत छापावी लागते आणि त्यांतील एक स्थानिक भाषेतील लागते.

या सगळ्या कायद्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पेपर हा चारचौघांत, उघड्यावर वाचला जाणारा कागद आहे. 'त्या भागात खप' या शब्दांचा अर्थच तो. उद्या एखाद्या पेपरचा छापील खप तालुक्यात नावापुरता उरला आणि खरा पेपर कुलपाआड मोबाईलवर गेला, तर अशा पेपरात नोटीस देऊन कायद्याचा हेतू साधतो का, हा प्रश्न वकील मंडळींनी आणि महसूल अधिकाऱ्यांनी आत्ताच विचारात घेतला पाहिजे.

बाहेरच्या मुलखातले दोन धडे

हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतही स्थानिक पेपरांवर हीच पाळी आली. तिथली दोन उदाहरणे आपल्या कामाची आहेत.

न्यूयॉर्क शहराला लागून लाँग आयलंड हा भाग आहे. तिथल्या 'न्यूजडे' या दैनिकाने आपले संकेतस्थळ मोठा खर्च करून नवे केले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये त्याला कुलूप लावले. वर्गणी आठवड्याला ५ डॉलर. घरी छापील पेपर येणाऱ्यांना आणि मालक कंपनीचे केबल घेणाऱ्यांना ते मोफतच होते. त्यांच्याव्यतिरिक्त किती जणांनी पैसे भरले? तीन महिन्यांत ३५ जणांनी. संकेतस्थळ नवे केले म्हणून वाचक पैसे काढतो असे नाही, एवढाच याचा अर्थ.

दुसरे उदाहरण आर्कान्सा राज्यातले. भात, कापूस आणि सोयाबीन पिकवणारा हा शेतीप्रधान मुलूख. तिथल्या 'आर्कान्सा डेमोक्रॅट-गॅझेट' या दैनिकाला लांबच्या गावी छापील अंक पोहोचवणे परवडेना. म्हणून २०१८ मध्ये राज्याच्या ईशान्य टोकाच्या ब्लाइदव्हिल या गावी त्यांनी एक प्रयोग केला. रोजचा छापील अंक बंद करायचा, वर्गणी मात्र चालू ठेवायची आणि वर्गणीदाराला वाचण्यासाठी आयपॅड द्यायचा. मोठ्या पाटीएवढे ते यंत्र. जोवर वर्गणी चालू तोवर ते वापरायचे. वर्गणी महिन्याला ३४ डॉलरच्या आसपास.

म्हातारी माणसे आधी बिचकली. हे आपल्याला जमणार नाही, असे पुष्कळांना वाटले. तेव्हा पेपरच्या माणसांनी वर्गणीदारांना बोलावून, एकेकाजवळ बसून ते कसे चालवायचे ते शिकवले. पान छापील अंकासारखेच दिसेल आणि अक्षर मोठे करता येईल, याची तजवीज केली. बहुसंख्य वर्गणीदार टिकले. २०२० च्या सुरुवातीपर्यंत बहुतेक राज्यभर हीच पद्धत लागू झाली आणि छापील अंक फक्त रविवारचा राहिला. मालक वॉल्टर हसमन यांनी पैसे घेतले, पण वाचकाला वाऱ्यावर सोडले नाही.

तिसरी गोष्टही तिकडचीच. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत पेपरांच्या संघटना जाहीर नोटिसांचे वेगळे संकेतस्थळ चालवतात. पेपरला कुलूप असो वा नसो, नोटिसा तिथे कोणालाही फुकट पाहता येतात. हे आपल्याकडे का होऊ नये? नोटिशीचे पैसे देणाऱ्याने आधीच दिलेले असतात. मग वाचणाऱ्याकडून पुन्हा कशाला घ्यायचे?

पेपरांनी काय करावे?

सांगण्यासारख्या चार गोष्टी आहेत. पहिली, जाहीर नोटिसा, सरकारी अधिसूचना, निधनवार्ता आणि अतिवृष्टी, पूर, रोगराई यांचे इशारे कुलपाबाहेर ठेवावेत. करोनाच्या साथीत जगभरच्या कित्येक पेपरांनी साथीच्या बातम्या मोफत केल्या होत्या. म्हणजे ठरवले तर जमते. तालुक्याचे खास वृत्त, शोधबातमी, पीकसल्ला, लेख यांचे पैसे घ्यावेत. चांगले असेल तर शेतकरी देतो. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला १५ रुपये तो देतोच की. कागद कामाचा आहे, एवढे त्याला पटले पाहिजे.

दुसरी, गावासाठी एक वर्गणी ठेवावी. ग्रामपंचायत, सार्वजनिक वाचनालय, विकास सोसायटी यांना एकच वर्गणी भरून चारचौघांना वाचता येईल, अशी सोय हवी. एकाचा पासवर्ड दहा जणांनी वापरणे नियमात बसत नाही, म्हणून ही सोय पेपरनेच द्यायला हवी. आपला अंक किती जण वाचतात, हे आकडे सांगूनच पेपरवाल्यांनी जाहिरातींचे दर लावले. त्या आकड्यांत हॉटेलातले आणि सलूनमधले वाचकही होते. तेव्हा जो वाचक भूषण होता, तो आज फुकट्या कसा झाला?

तिसरी, पैसे हंगामावर घ्यावेत आणि एका दिवसाचा अंकही विकत मिळावा. चौथी, एजंटाला वाऱ्यावर सोडू नये. ई-पेपरची वर्गणी गोळा करणे, म्हाताऱ्या माणसाला मोबाईलवर पान उघडून देणे ही कामे त्याच्याकडे कमिशनवर द्यावीत. गावात त्याचा शब्द चालतो.

आणि गावाने?

गावानेही थोडे करावे. फुकटची पीडीएफ फिरवणे थांबवावे. ज्याला परवडते त्याने वर्गणी भरावी, निदान छापील अंक तरी लावावा. ग्रामपंचायतीने जिल्ह्यातील दोन-तीन प्रमुख दैनिकांचा छापील अंक चालूच ठेवावा आणि तो सरपंचांच्या टेबलावर न ठेवता बाहेर, सर्वांच्या हाती लागेल असा ठेवावा. सार्वजनिक वाचनालये असलेल्या गावांनी पेपरच्या बाबतीत काटकसर करू नये.

ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले जुने ग्रामसेवक आणि तलाठी, यांनाही एक विनंती आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे अधिसूचना पंचायतीत आणि तहसील कार्यालयातही स्थानिक भाषेत लावायची असते. फेरफाराची नोंद धरली की जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे तिची प्रत चावडीत लावायची असते आणि संबंधितांना लेखी कळवायचे असते. ही कामे केवळ पंचनाम्यापुरती होऊ नयेत. फलकाची काच फुटलेली, आतले कागद तीन वर्षांपूर्वीचे, असे चित्र पुष्कळ ठिकाणी दिसते. आठवड्यातून एकदा पेपरातल्या आपल्या गावाच्या नोटिसा कापून फलकावर लावायला कोतवालाला दहा मिनिटे लागतील. त्या दहा मिनिटांनी एखाद्या घराची दहा वर्षांची कोर्टकचेरी वाचू शकते.

शेतकऱ्यांनीही दोन सवयी लावून घ्याव्यात. भूमी अभिलेख विभागाच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावच्या फेरफाराच्या नोटिसा मोफत दिसतात. महिन्यातून दोनदा घरातल्या शिकलेल्या पोराला किंवा सुनेला त्या पाहायला सांगाव्यात. बाजारभाव तर राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरही मोफत मिळतात आणि पिकाच्या शंकेला किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक आहे. पेपरला कुलूप लागले म्हणून या गोष्टी अडायचे कारण नाही.

अडते ते एकाच ठिकाणी. लासलगावचा कांद्याचा भाव संकेतस्थळ सांगते, पण 'तुझ्या गटाची नोटीस आलीय' हे सांगणारा शेजारी मोबाईलमधून मिळत नाही. तो पारावर, सलूनमध्ये, हॉटेलच्या बाकड्यावर उघड्या पेपरातूनच मिळतो. म्हणून पेपरवाल्यांनी वर्गणी जरूर घ्यावी, वाचकांनी ती खळखळ न करता द्यावी. मात्र नोटिसांचे ते बारीक टाइपाचे पान गावासाठी उघडे ठेवावे, एवढे मागणे आहे.